ध्रुवच्या मापाचा ड्रायसूट

बंगळूरच्या बेळ्ळंदूर भागातल्या खेळसामानाच्या दुकानात ईशान ट्रायल रूमच्या रांगेत उभा होता. पुढच्या जोडप्याचं मराठी कानावर पडलं आणि त्याने मोबाईल खिशात टाकला.

"वेटसूट घे, सुचेता. हलका आहे."

"त्यात पाणी शिरतं, अहो. आणि पाणी नॉर्वेचं."

"ध्रुव मासे धरायला जातो, पोहायला नाही."

"मागच्या महिन्यात कयाक उलटली, ते आपल्याला परवा कळलं. ड्रायसूटच घ्यायचा. गळ्याशी, मनगटाशी रबर आहे."

"तिकडे मिळतात की."

"मिळतात. तो घेत नाही."

"बरं, मग मीडियम घे."

"आत हा स्वेटर मावायला हवा. सूट नुसतं पाणी अडवतो, ऊब लोकरीचीच."

"हा तर तो इथेच टाकून गेला होता."

"म्हणूनच आणलाय. सुटाबरोबर पाठवते."

बाई मागे वळल्या आणि मोडक्या कन्नडमध्ये त्याच्याकडे थोडी मदत मागितली.

"स्वल्प हेल्प माडतीरा?"

"मराठीत सांगा, काकू."

"अगबाई. माझा मुलगा तुझ्याच अंगकाठीचा आहे रे. हा स्वेटर घालून वरून सूट चढवशील?"

ईशानने दोन्ही चढवलं. पाठीची झिप बाईंनी लावली.

"आता वल्हं मारल्यासारखं कर. काखेत घट्ट होतंय?"

"नाही."

"म्हणजे त्यालाही होणार नाही. तुझी आई कुठे असते?"

"नागपूरला."

"सुचेता, सोड आता त्याला. घामाघूम झालाय."

"हो, हो. झिप उघडते हं."

"राहू दे जरा, काकू," ईशान म्हणाला.