पडलो नाही, खाली बसलो

...आणि घोड्यावरून, तुम्हाला सांगतो, घोड्यावरून हा कोशेरबाय सत्तर वर्षांत एकदाही पडलेला नाही! एकदाही! विचारा कुणालाही... म्हणजे कुणालाही नका विचारू, आमच्या बालझानला तर मुळीच नका विचारू, बायको आहे माझी, ती म्हणेल तीनदा. तीनदा नाही हो, दोनदा! आणि त्यातल्या एका वेळी आधी घोडा पडला आणि मग मी, म्हणजे ते पडणं घोड्याचं झालं, माझं कसं? पण मुद्दा काय, की ज्या माणसानं चाळीस वर्षं आलाताऊच्या उतारांवर घोड्यांचे कळप राखले, उधळलेल्या घोडीवर बसून चहा प्यायला (बरं, प्यायला नाही, सांडला), तो माणूस आज स्वतःच्या घरात, सपाट जमिनीवर, चुलीपासून दारापर्यंत जाताना पडतो? पडतो? छे! पडत नाही. खाली बसतो!

हे नीट ध्यानात ठेवा, कारण आमच्या घरात सगळी भांडणं यावरूनच चाललीत.

आता हे सुरू कसं झालं? तर मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी थोरल्या भावाकडं जेवण होतं. आणि जेवणात मी म्हणजे काय, सोंगं आलीच! आमच्या सामुदायिक शेतीचा जुना अध्यक्ष भाषण कसा करायचा, त्याची नक्कल करत होतो, गाल फुगवून, भुवई वर चढवून... आणि एकाएकी तोंडाची डावी बाजू खाली आली. मंडळी काय हसली! मी म्हणायला गेलो, 'अरे हसू नका, काहीतरी होतंय,' आणि बाहेर आलं, 'अव्वव वव्वव.' आणखी हसली! भाऊ तर उशीवर आडवा! तुम्हाला सांगतो, आयुष्यात इतका हशा कधी मिळाला नव्हता मला, आणि मिळाला तेव्हा मी मरत होतो! सगळ्या घरात एकटी बालझान हसली नाही. उठली आणि म्हणाली, "गप्प बसा सगळे. हे सोंग नाही. यांच्या हातातून मांसाचा तुकडा पडलाय. हा माणूस मेला तरी मांस टाकायचा नाही."

तर असा आम्हाला झटका आला. लकवा. जिल्ह्याच्या दवाखान्यात तीन आठवडे काढले. वाचा परत आली (याचं बालझानला अजून वाईट वाटतं), हात आला, पाय आला, पण तोल? तोल काही आला नाही बुवा. तिकडंच कॉटखाली पडला असेल कुठंतरी. घरी आलो तर बघतो, घर डावीकडं कललेलं! मी मुलाला, दौरेनला म्हटलं, "अरे, पाया तपास, घर खचलंय." तो म्हणाला, "बाबा, घर सरळ आहे, तुम्ही वाकडे आहात." बघा, मुलं वाढवा आणि हे ऐका.

मग काय... गोठ्याच्या दारात खाली बसलो. अंगणात कोंबड्यांमध्ये खाली बसलो, त्यात एक कोंबडी अशी दचकली की चार दिवस अंडं नाही दिलं. मशिदीबाहेर जोडे घालताना खाली बसलो, तेही तिथल्या इमामाच्या मांडीवर. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ओरडत यायचं, "कोशेरबाय पडला! कोशेरबाय पडला!" आणि मी जमिनीवरूनच, अगदी ऐटीत, एक कोपर टेकून, जसा काही पाहुणचारालाच बसलोय, "कोण पडलं? मी पडलो नाही, खाली बसलो! गुंडी शोधतोय." इमाम म्हणाले, "माझ्या मांडीवर?" म्हटलं, "तिथंच पडली असणार."

निम्म्या वेळी तर, तुम्हाला सांगतो, चूक बालझानची. मागून हाक मारते हो! "अहोऽऽ!" की मी वळलोच, पन्नास वर्षांची सवय ती, आणि मान वळली की पाठोपाठ सगळं जग वळतं, आणि ते वळतच राहतं! शेवटी दवाखान्यातल्या पोरीनं तिला सांगितलं, मागून हाक मारायची नाही. तेव्हापासून बालझान शिव्या घालायला समोर येते. सगळ्या घराला वळसा घालून येते, बाई, पण समोरूनच घालते.

ही दवाखान्यातली पोरगी म्हणजे मोल्दिर. व्यायाम शिकवणारी. वय किती, तर माझ्या खोगिराहून लहान, आणि हुकूम कसे सोडते! "आजोबा, पाय फाकवा. आजोबा, गर्रकन वळायचं नाही, लांबचा फेरा घ्यायचा. आजोबा, खुर्चीला धरून एका पायावर उभे राहा, दहा म्हणेपर्यंत." मी चारपर्यंत म्हणायचो आणि एकदम दहा. "आजोबा, मला आकडे येतात." वर तिनं एक चार पायांची काठी दिली. म्हणजे माझे दोन आणि हिचे चार, झाले सहा, झुरळाला असतात तितके! फक्त झुरळ पडत नाही.

आणि खरी गंमत पुढंच. ती म्हणाली, "आज मी तुम्हाला जमिनीवरून उठायला शिकवते." मी म्हटलं, "पोरी, सत्तर वर्षं उठतोय." "मग उठून दाखवा." ...पाऊण तास! शेवटी तिनं सांगितलं तसंच करावं लागलं: आधी कुशीवर, मग हात-गुडघे टेकून घोड्यासारखं, मग खुर्ची धरायची, चांगला पाय पुढं, आणि बूड वर. बूड! त्या पोरीसमोर! आणि जाताना म्हणते, "आणि आजोबा, पडलात की घरात सांगायचं. लपवायचं नाही. मला वचन द्या." दिलं वचन. मी पडतच नाही, खाली बसतो, मग वचन द्यायला काय जातंय?

आता तुम्ही म्हणाल, सरळ खाली जमिनीवर बसून राहा की, कशाला उठाठेव? अहो, पण आम्ही जेवतोच जमिनीवर! जेवणाचं कापड, दस्तरखान, अंथरला की सगळे गाद्यांवर गोल करून बसणार. मला खाली बसवायला एक काख दौरेन धरणार, दुसरी काख सूनबाई, आणि बालझान पुढून सांगणार, "डावा! डावा नाही, दुसरा डावा!" अर्धा तास! तोवर बेशबरमाकच्या मांसावरची चरबी गोठलेली. आणि अडखळायला नको म्हणून बालझाननं फरशीवरचा नमद्याचा गालिचा गुंडाळून फडताळावर टाकला, तिच्या आईनं लग्नात दिलेला, लाल शिंगांच्या नक्षीचा. मी म्हटलं, "छान दिसायचा गं." म्हणाली, "तुम्हीही दिसायचात."

आणि याच दिवसांत आमचा नातू उभा राहायला लागला. एर्नार. अकरा महिन्यांचा. आता दृश्य बघा: या भिंतीला धरून तो, त्या भिंतीला धरून मी. दोघांचेही पाय फाकलेले, दोघांच्याही तोंडातून लाळ. तो दोन पावलं टाकतो आणि धप्प! सगळं घर टाळ्या वाजवतं, "अगं बाई, बसलं माझं वासरू!" मी दोन पावलं टाकतो आणि धप्प, तर सगळं घर बोंबलतं, "डॉक्टरला बोलवा!" हा कुठला न्याय?

तर आता पोरगं चालायला लागलं म्हणजे पायाचा दोरा कापायचा. दोन्ही पायांना काळा-पांढरा दोरा बांधायचा, पांढरं कापड अंथरायचं, आणि मानाच्या माणसानं तो सुरीनं कापून पोराला हाताला धरून कापडावरून चालवायचं. हा मान कुणाचा? माझा! नातू पोटात असतानाच दौरेननं मला शब्द दिला होता. पण आमच्या विहीणबाई आल्या ना, राबिगाबाई, सूनबाईंच्या आई! चहाचा घोट घेऊन म्हणतात, "मी काही म्हणत नाही हं, बालझान. पण दोरा जो कापतो, त्याची चाल पोरात उतरते. आमच्याकडं तरी असंच मानतात. आता व्याहीबुवा... मी काही म्हणत नाही... पण उद्या पोरगं असंच डावीकडं कलायला लागलं तर? आमचे झोल्दास मास्तर आहेत, शाळेत कवायत घेतात, हरणासारखे पळतात..."

मी तिथंच बसलोय! दोन हातांच्या अंतरावर! मी म्हटलं, "विहीणबाई, माझी चाल उतरली तर उतरू दे. तुमची जीभ उतरली नाही म्हणजे मिळवली!" सगळे हसले. मी पण हसलो. पण तुम्हाला सांगतो... हातातला तळलेला बाउर्साक मी परत ताटलीत ठेवला. कारण ती खोटं कुठं बोलत होती?

मग ठरवलं, सराव करायचा. गुपचूप. खाली वाकायचं, दोरा कापायचा, उठायचं, चालायचं. पण पायाला दोरा बांधून घ्यायला पोरगं कुठून आणू? गोठ्यात गेलो आणि कोकराचे पाय बांधले. वाकलो. कोकरू म्हणालं, 'बॅऽऽ'. मी मान वळवली. जग वळलं. आणि मी कोकरावर... बसलो! सलग सहा दिवस बसलो! शेवटी शेवटी ते कोकरू मला बघूनच आपणहून बाजूला आडवं व्हायचं. सातव्या दिवशी दोरा कापला, पण उठताना डोकं गव्हाणीवर आपटलं, आणि डोळे उघडले तर समोर बालझान. समोरूनच आली होती.

"पडलात?"

"खाली बसलो. कोकराशी बोलत होतो."

तिनं माझी बाही वर सारली. दंडावर निळं, हिरवं, पिवळं, सगळ्या आठवड्याचे रंग. मला वाटलं आता ओरडणार. ओरडली असती तर बरं झालं असतं हो! ती खाली बसली, गवतात, माझ्या शेजारी, आणि म्हणाली, "त्या दिवशी सगळे हसत होते आणि मी एकटी घाबरले होते. तुमचं सोंग कुठं संपतं आणि खरं कुठं सुरू होतं, हे मी रोज कसं ओळखायचं? एखाद्या दिवशी माझं चुकलं म्हणजे?"

मी गुंडी शोधली. सापडली नाही.

मग डोळे पुसून म्हणाली, "दोरा तुम्हीच कापायचा. विहीणबाईंना मी बघते. पण पडलात, तर पडलो म्हणायचं. सगळ्या पाहुण्यांसमोर. कबूल?" म्हटलं, "कबूल." म्हणजे बघा, बाईनं अडकवलं की नाही?

तो दिवस आला. अंगणात पाहुणे, मोठी कढई चुलीवर, पांढरं कापड अंथरलेलं. विहीणबाईंनी मास्तर आणलेच होते, कोऱ्या बुटांत, जागच्या जागी उड्या मारतायत! एर्नारचे पाय बांधून त्याला सुनेनं उभं धरलं. मास्तर सुरीकडं बघतायत, मी सुरीकडं बघतोय... आणि बालझान सगळ्या अंगणाला वळसा घालून समोरून आली, आणि सुरी माझ्या हातात ठेवली. विहीणबाई म्हणाल्या, "मी काही म्हणत नाही..." बालझान म्हणाली, "मग नकाच म्हणू."

मी काठी सोडली. खुर्ची धरली. एक गुडघा, दुसरा गुडघा, मग दोन्ही हात. पाहुणे कुजबुजले, म्हाताऱ्यानं नवं सोंग काढलं वाटतं! आणि मी तसाच चार पायांवर रांगत पोरापाशी गेलो. एर्नार इतका हसला! त्याला वाटलं, अखेर एक तरी शहाणा माणूस भेटला. दोरा कापला. कच्चकन, एका झटक्यात! मग चांगला पाय पुढं, खुर्ची, आणि बूड वर, शंभर पाहुण्यांसमोर बूड वर, आणि उभा राहिलो! पोराचं बोट धरलं. एक पाऊल. दोन. तीन. चार. पाच...

आणि मागून विहीणबाई! "व्याहीबुवाऽऽ, सांभाळा!"

मान वळली.

दोघंही गेलो. मी डावीकडं, तो माझ्या पोटावर. अंगणात असं चिडीचूप की कढईचा रटरट आवाज ऐकू येतोय. एर्नारनं इकडं तिकडं बघितलं... आणि टाळ्या वाजवल्या! पडलं की टाळ्या वाजवायच्या, हेच शिकलेलं हो ते! मग कुशीवर वळला, हात टेकले, गुडघे टेकले, बूड वर, आणि उभा! मोल्दिरनं मला सहा आठवडे जे शिकवलं, ते हा गडी पोटातूनच शिकून आलेला! आणि कुणाचं बोट न धरता चालत गेला कापडाच्या टोकापर्यंत. विहीणबाई हळूच म्हणाल्या, "उठतो मात्र आजोबासारखा." ऐकलं मी. बरोबर ऐकलं.

पण आता सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी कापडावर आडवा. जिभेवर आलं होतं बघा, 'पडलो नाही, खाली...' आणि समोर बालझान. हातात किटली. नुसती बघतेय. कबूल केलं होतं ना!

मी घसा साफ केला. आणि सत्तर वर्षांत पहिल्यांदा, सगळ्या गावासमोर, मोठ्यानं म्हणालो, "पडलो गं, बालझान! पडलो!"

तिनं किटली खाली ठेवली, डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं एकदा डोळ्यांपाशी काहीतरी केलं, आणि सुनेला हाक मारून म्हणाली, "ऐकलंस ना? पडलेत. आता उठवू नका कुणी, जेवायला खाली बसवायला परत अर्धा तास जायचा. दस्तरखान तिथंच आणा."