भिंतीतली बकुळ

सोलापूरच्या स्टँडवर श्रावणी अक्कलकोटच्या गाडीची वाट बघत बसली होती. शेजारी लालबी आणि तिची मैत्रीण गोदावरी बोलत होत्या. श्रावणीचा कान हळूहळू तिकडंच लागला.

"वाटणी झाली म्हणं, लालबी?"

"झाली की. आमच्या ह्यांच्या अन् दिराच्या मधी, अंगणातच भिंत. गवंडी म्हणला, बकुळ आडवी येतीया, तोडतो."

"मग?"

"मी बुंध्याला पाठ लावून हुबी ऱ्हायले. म्हणलं, भिंत वाकव."

"वाकवली?"

"न्हाई जमलं त्याला. झाडापुरती जागा मोकळीच सोडली."

"शोभेच्या झाडापायी एवढं?"

"नुसतं शोभेचं व्हय? बारा महिने हिरवंगार, वर नारिंगी फळं. जाऊ तिकडनं वेचती, मी हिकडनं."

"आणि भाऊ-भाऊ?"

"बोलत न्हाईत. पण बोलतील, बघ तू."

"कशावरनं?"

तेवढ्यात गाडी फलाटाला लागली. श्रावणी काही उठली नाही.

"काल सकाळी दोघंबी बादली घेऊन आले. ह्यांनी हिकडनं ओतली, दिरानं तिकडनं. मान वर केली न्हाई कुणी. पण आळं एकच हाय की!"