घेर हवाच

– हसा ताई, मोकळेपणानं हसा, मिशीवाली नवरी रोज थोडीच येते तुमच्या दुकानात! पण करणार काय? लेक नोकरीच्या गावी, उगवणार थेट लग्नाच्या आदल्या दिवशी. उंची माझी, खांदे माझे – पोट तेवढं माझं एकट्याचं, ते सोडून हा कच्चा झगा माझ्या अंगावरच बेता. आई गं! टाचणी जपून! तर घेर वाढवा. आणखी. आणखी हो, कंजुषी कशाला? काय? तिनं फोनवर साधा, सरळ झगा सांगितलाय? सांगू दे. तिला काय कळतंय! लग्नाचा झगा कसा, दारातून आत घेताना दोघांनी धरून वळवावा लागला पाहिजे. फॅशनच आहे हो तशी – कुठे म्हणजे? आहे!

बरं, तुमच्यापासून काय लपवायचं. जावईबापूंची फटफटी आहे. दोघांचं ठरलंय, घरून हॉलवर फटफटीवरूनच जायचं. आणि मी? मी मागून रिकामी गाडी हाकत येऊ? धुतलीये ताई गाडी, सीटला नवी कव्हरं घातलीयेत – तेवढा रस्ताभर तरी बसू दे की माझ्या शेजारी! एवढा घेर म्हटल्यावर फटफटी बाद. येईल मुकाट्यानं बापाच्या गाडीत. कशी आहे आयडिया?

थांबा, बसून बघू. ही खुर्ची म्हणजे गाडी, तुम्ही म्हणजे मी, मी म्हणजे ती. हं, चालवा. दिसतोय का मी? नुसतं कापडच? अहो, मग तिला मागे बसवावं लागेल! मग काय उपयोग? छे छे, कापा घेर. सरळच शिवा – पण असा घट्ट, की फटफटीवर टांग टाकता येऊ नये. काय म्हणता? एका बाजूला पाय घेऊन बसेल?

...बसेल. तिची आई तशीच बसून आली माझ्यामागे. सासरे फाटकात उभे राहून बघत होते, किती तरी वेळ. मला वाटलं, माझी फटफटी बघतायत. वळून हातसुद्धा हलवला मी – ऐटीत!

असू दे. तिला बसता-उठता येईल असाच शिवा. आणि तुम्ही जरा बाहेर थांबा हो ताई, मला कपडे बदलायचेत.