भाच्याची चौकशी

—व्हय की, मीच त्याचा सख्खा मामा, नागप्पा. बसा, चादरींवर बसा, काय हुत न्हाय. आन् पोराच्या चौकशीला सरळ माझ्याकडं आलाव, ते बरं केलं तुमी. दुसऱ्या कुणाला इचारलं असतं तर गोड गोड सांगून मोकळा झाला असता. पोरगी द्यायची म्हंजे काय चादर हाय, न्हाय आवडली तर घडी घालून परत आणली? मी खरं सांगतो. भीमाशंकर माझ्या अक्काचा, वळसंगच्या बसव्वाचा पोरगा. आन् धंदा काय करतो? काठीनं चेंडू हाणतो! हसू नका, खरंच. गोल्फ म्हणत्यात. लिंबाएवढा पांढरा चेंडू, डोळा पोचत न्हाय एवढं मैदान, आन् त्या टोकाला एक बीळ. चेंडू बिळात घालायचा. गेला की परत काढायचा आन् फुडल्या बिळाकडं चालायला लागायचं — दिसभर! म्हसरामागं फिरणारं पोरगं बी सांजच्याला शेणाची पाटी घेऊन येतंय, हे तसंच येतंय, हात हलवत.

शिकला कुटं? चीनच्या लढाईच्या साली बाप वारला, अक्कानं पुण्याला चुलत्याकडं धाडला. चुलत्यानं साहेबलोकांच्या मैदानावर काठ्यांच्या पिशव्या उचलायला लावला. साहेब मारणार, हे मागनं वझं घेऊन पळणार. साहेब घरी गेले की मोडक्या काठीनं हेच मारायचं. मारता मारता साहेबांपरास बरं मारायला लागलं — झालं, डोकं फिरलं! आता म्हणं प्रोफेशनल. म्हंजे काय रं, तर म्हणतो, मामा, मी पोटासाठी खेळतो. अरं, पोटासाठी कुणी खेळतंय व्हय? पोटासाठी काम करत्यात! आन् पेपरात येत्यात ते मोठे सामने न्हवं हं — कुटली तरी गिरणी, कुटला तरी चहाचा मळा, तितल्या साहेबांचा क्लब. आज बेंगळूर, उद्या जमशेदपूर, परवा आसाम. रेल्वेत दाराशी काठ्या उशाला घेऊन झोपायचं. आन् नंबर? पयला न्हाय, शेवटला बी न्हाय. मधला. जल्मभर मधला.

मी सोता बघून आलोय की. माल घेऊन पुण्याला गेलतो, म्हटलं बघू तरी भाच्याचं राज्य. दुपारच्याला साहेब सगळे आत पंख्याखाली जेवायला, आन् आमचा राजा मागं, मोटारी लावत्यात तितं झाडाखाली, फडक्यातली भाकरी आन् शेंगाची चटणी. म्हटलं, आत का न्हाय? तर हसतोय! प्रोफेशनलला आत घेत न्हाईत मामा, बसा की, चटणी तुमच्याच घरची हाय. माझ्या घरची! आमच्या गिरिजानं धाडलेली, आन् मला बापाला पत्ता न्हाय! लई लाज वाटली मला, लई राग आला. आमच्यात मामाच्या पोरीवर भाच्याचा पयला हक्क — तुमच्यात बी तेच की. अक्का पदर पसरून मागायला आली, मी तोंडावर न्हाय म्हटलं. माझी पोरगी झाडाखाली जेवणाऱ्याला देऊ?

गिरिजा? हाय की, आतच हाय. न्हाय, लगीन न्हाय झालं. स्थळं येत्यात, ती उठून आत जाती — ते जाऊ द्या, तुमाला काय करायचंय? गल्ल्यावरचा तो चेंडू? त्याचाच. फेकून दे म्हटलं तर रोज पदरानं पुसून ठेवती. पोरींची खुळं.

आन् अक्कल किती, ऐका. त्याच दिवशी, जेवणानंतर, पयल्यांदा पयला नंबर यायला आलता. मी कडेनं चालतोय. गवतात ह्यानं काठी टेकवली आन् चेंडू हालला — एवढुसा. पंच लांब, साहेब लांब. आन् हे खुळं सोता जाऊन पंचाला सांगतंय, माझा चेंडू हालला, एक मार वाढवा! तेवढ्या एका मारानं गेला नंबर. म्हटलं, गाढवा, कुणी बघितलं हुतं? तर म्हणतो, मामा, मी बघितलं की. असल्याला गल्ल्यावर बसवा, म्हयन्यात दुकानाला कुलूप.

हसताय का? — असाच जावई पायजे? शिवशिवा! पावनं, मी मगाधरनं काय सांगतोय? पाय घरात ठरत न्हाय त्याचा! — दारू? न्हाय, दारूला शिवत न्हाय. लिंगपूजा? रेल्वेत बी चुकवत न्हाय, पण म्हणून काय — आत्ता? आत्ताच जाणार अक्काकडं? सुपारी फोडायची बोलणी?

गिरिजा! काय पाडलंस गं? —

— गिरिजा?

रडतीस व्हय गं?

उठा पावनं. टोपी घाला. चहा? चहा सांगितलाच न्हाय मी. त्ये पोरगं मोकळं न्हाय. — कुणी म्हंजे, मी सांगतोय! मामाच्या घरात पोरगी बसलेली असताना भाचा भायेर जातोय व्हय? इचारा तुमच्या अक्कलकोटात कुणालाबी. चला, फळ्या लावायच्यात मला. गाडी दोगांना बी एकच हाय, तुमी आपलं सरळ अक्कलकोटला जावा. वळसंगला मी उतरणार हाय, अक्काकडं.