खंडेनवमीचा पाना

नाही भाऊ, अशी नाही न्यायची सायकल. रागवा हवं तर माझ्यावर, पण तो मागचा ब्रेक दाबून बघा ना पुन्हा एकदा — बघा, मूठ थेट दांड्याला टेकते आणि चाक आपलं फिरतंच आहे — आणि पुढच्याच्या भरवशावर उतरणार म्हणता? या घाटीत नुसता पुढचा दाबलात तर सायकल राहील मागे आणि तुम्ही जाल पुढे. चालत उतरेन म्हणता? सगळे असंच म्हणतात हो. चढण चढून जीव अर्धा झालेला असतो, मग समोर उतार दिसला, वारा तोंडावर आला, की कोण खाली उतरतंय? तुम्ही तर पुण्याहून आलात, असले घट्ट कपडे घालून, या वयात — हसू नका, केस पिकलेत तुमचे, दिसतात टोपीखालून — तुम्ही काय चालणार आहात. बसा त्या बाकावर. मेस्त येतीलच. मेस्त म्हणजे आमचे हे, गोकुळदास मेस्त, दुकान त्यांचंच. खाली कारापूरला कोणाची तरी चेन तुटली म्हणून निरोप आला, तर पिशवी घेऊन गेलेत. तोवर चहा घ्या. उंडोही आहे, पाव हो आमचा, सकाळीच पोदेर देऊन गेला, चहात बुडवून खा, बरा लागतो.

दुकान उघडं कसं, असं वाटलं ना तुम्हाला? आज खंडेनवमी, बाकी सगळ्यांची बंदच आहेत. आमच्याकडे आज हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडतात, गंध लावतात, रोजांची माळ घालतात — रोजां म्हणजे तुमचा झेंडू — आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. सुतार करवत उचलणार नाही, न्हावी वस्तरा उचलणार नाही. आणि आमचे हे तर त्या बाबतीत सगळ्यांत कडक होते. मूळचे सावंतवाडीकडचे, मायनिंगच्या गाड्यांवर मेकॅनिक म्हणून इकडे आले, मग हे दुकान घातलं, पण पूजा मात्र बाप करायचा तश्शी — पाने लहानमोठे ओळीने, मध्ये पंप, बाजूला तेलाचा डबा, डब्यालासुद्धा कुंकू. आणि आता बघा त्या फळीवर. टांगलेत ना सगळे? आत पाटावर माझी विळी आहे, कोयता आहे, संजनाची पुस्तकं आहेत, संपलं. पाने पुजत नाहीत हे. गाव नावं ठेवतो, देवळातले भट एकदा तोंडावर बोलले, पण ऐकत नाहीत. एरवी वर्षभर कोणालाही उद्या ये म्हणतील, आजच्या दिवशी म्हणणार नाहीत. तापाने फणफणले होते एकदा, तरी याच बाकावर गोधडी घेऊन बसून होते, कोणी आलं तर म्हणून.

संजना म्हणजे — तो फोटो बघताय ना मघापासून, तीच. मुलगी आमची. एकुलती. सांखळीला कॉलेजात होती, नाटकाचं वेड भारी, घरात एकटी बोलायची तर मला वाटायचं कोण आलंय. सायकल यांनीच शिकवली. ही चढण आहे ना, हिच्यावर कॉलेजातली मुलं उतरून ढकलत येतात, आमची बसूनच यायची, दात ओठ खाऊन, आणि वर पोचली की इथे अंगणात सायकल टाकून आडवी व्हायची आणि हे आत दुकानात हसायचे — दिवसभर त्यांचं तोंड हसरं. तर त्या खंडेनवमीला तिची तालीम होती. सकाळी पूजा झाली, नैवेद्य झाला आणि ही आली सायकल घेऊन — बाबा, ब्रेक सैल वाटतोय, जरा आवळून दे. आता आवळणं म्हणजे काय, तुम्ही जाणता, एक नट. आणि पाने सगळे पाटावर, माळ घातलेली. हे म्हणाले, अगो, आत्ताच पूजा झाली, कसा उचलू? उद्या उठल्याबरोबर पहिलं काम तुझंच. आजच्या दिवस घाटीत खाली उतर आणि चालत जा. ती हो म्हणाली. हो म्हणूनच गेली.

चहा निवतोय तुमचा.

दुसऱ्या वळणावर सापडली. तेव्हा खाणींच्या गाड्या जोरात चालत होत्या, रस्त्यावर सगळीकडे तो खनिजाचा लाल भुगा सांडलेला, पाय ठेवला तरी घसरायचा. समोरून गाडी आली — गाडीवाला म्हणाला, पोरगी सरळ आली, थांबलीच नाही. दुसरा एक होता तो म्हणाला, नाही, ब्रेक मारला तिने, भुग्यावर चाक सरकलं. पोलिसांनी काय लिहिलं देव जाणे. खरं कोणालाच माहीत नाही. त्या वेळी मी रडले, आपटले, सगळं केलं, आणि हे — हे काहीच नाही. बारावं झालं, तेरावं झालं, लोक आपापल्या घरी गेले आणि मग यांनी जेवण सोडलं. म्हणजे ताटावर बसायचे, भात कालवायचे, तसाच ठेवून उठायचे. दुकानाच्या दाराची फळी काढली नाही. आणि एकच विचारायचे, कधीही, मी भांडी घासत असले तरी मागे येऊन उभे राहायचे — "ब्रेक लागलो असतलो मा गो?" लागला असेल ना, एवढंच. मी म्हणायची, असेल हो, लागला असेल. पुन्हा थोड्या वेळाने येऊन तेच. वाळून काटकी झाले. माझी बहीण म्हणाली, सुलोचना, एक गेली, आता दुसरा जाणार, तू बघत बस.

काय म्हणता? निघायलाच हवं? काळोखाच्या आत म्हापसा गाठायचं आहे? अहो, पण हे — बरं. बरं, आणा इकडे. आणा म्हणते ना. तुमच्या हातात पाना देऊन काय उपयोग, मघाशी तुम्हीच म्हणालात हवा भरण्यापलीकडे काही येत नाही. हे असलं षट्कोनी भोकाचं काम आहे होय, थांबा, त्याचाही पाना आहे फळीवर. चेनला तेल घालत जा हो कधीतरी, किती किरकिरते. आता हे दोन्ही रबर असे चाकाला दाबून धरा, तुम्ही, दोन बोटांनी — दाबा — वायर मी ओढते खालून — अशी ताणून धरायची आणि मग नट आवळायचा, आधी ओढायची मग आवळायचा, उलट केलं की वायर सरकते, सैलच राहते. मला पहिल्या वेळी सरकलीच होती, तीनदा करावं लागलं, बोटात तार घुसली इथे. बघा दाबून. धरला ना? आता कसा धरला.

कोणी शिकवलं? कोणी नाही, बघून बघून. इतकी वर्षं दुकानाच्या दारात काढली. नाही हो, मी नाही करत ही कामं, कधीच नाही. एकदाच केलंय. एकदाच —

तुम्ही परके आहात. उद्या कुठल्या कुठे असाल. नाहीतर मी हे भिंतीलासुद्धा सांगितलेलं नाही.

सायकल पोलिसांकडे होती. पुष्कळ दिवसांनी दिली परत, रिक्षात घालून आणली आणि मागल्या पडवीत उभी केली. पुढचं चाक पार दुमडलं होतं, मागचं धड. हे तिच्याजवळ जाईनात. पडवीतून विहिरीवर जायचं तर वळसा घालून जायचे. मला कळत होतं ना काय चाललंय — एकदा मूठ दाबली की कळणार होतं, आणि तेच त्यांना नको होतं, आणि तेच हवंही होतं. आज ना उद्या दाबणार, हे मला ठाऊक होतं. एके दिवशी यांना भावाने डॉक्टरकडे नेलं डिचोलीला. घरात मी एकटी. गेले पडवीत आणि दाबली मी. तुमची टेकली ना मघाशी, दांड्याला — तशीच टेकली. काही म्हणजे काही नव्हतं तिच्यात. नुसता रिकामा ब्रेक.

मी तिथेच बसले खाली जमिनीवर. खूप राग आला भाऊ. आज तुम्हाला सांगते, इतका राग मला त्या गाडीवाल्याचा नाही आला. एक पाना उचलायचा होता. देवी काय रागावली असती? पोरीसाठी उचलला म्हणून? घरच्या पोरीपेक्षा का ती माळ मोठी होती? आले की तोंडावर फेकते सगळं, असं ठरवून बसले होते. आणि मग डोळ्यांसमोर त्यांचं ते ताट आलं, कालवलेला भात. म्हटलं, हिच्यामागून हेही जातील आणि मी कोणाला शिव्या देत बसू.

उठले. दुकानातून पाना आणला. सरकली, पुन्हा ओढली, पुन्हा सरकली, पण आवळला शेवटी. मग बघते तर नट हलला तिथे वायर चकचकीत दिसायला लागली, नवी कोरी. मेस्ताच्या नजरेला ते पहिलं दिसणार. म्हणून चाकाच्या खोबणीतला तो लाल भुगा काढला बोटाने, तेलात कालवला आणि चोळला तिथे, नटावर, वायरवर, सगळीकडे. माझी लेक ज्याच्यावर पडली तोच भुगा. त्या बोटाने मी संध्याकाळी तिच्या फोटोपुढे दिवा लावला.

आणि थोड्या दिवसांनी दाबला त्यांनी. मी चुलीपाशी होते. दाबला, सोडला, पुन्हा दाबला. नट वाकून बघतील असं वाटलं होतं, पण डोळे भरून आले होते त्यांचे, काय दिसणार. माझ्याकडे आले आणि म्हणाले, "धरता गो. ब्रेक धरता." आणि बसले पाटावर आणि जेवले. भात मागून घेतला. मी वाढत होते आणि मला रडताही येत नव्हतं, कारण मग विचारलं असतं का रडतेस.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. तेव्हापासून तेच सांगतात सगळ्यांना, आलागेला कोणी असो — माझ्या पोरीचा ब्रेक शाबूत होता, भुग्याने घात केला. तुम्हालाही सांगतील. तेवढ्यावर जगतायत बघा. खंडेनवमीला पाने पुजत नाहीत ते का, ते मी विचारलेलं नाही, त्यांनीही सांगितलेलं नाही. आणि माझा तो राग, तो अजून आहे हो. कुठे नेऊन टाकू? त्यांना चहा देते, पाय चेपते, आणि आहे. ते म्हातारे होत चालले तसं वाटतं, बोलून टाकावं एकदा, माझ्यासाठी, मला तरी कोणी विचारलंय का भाताचं. पण नाही. नाही बोलायचं.

घंटी वाजली ना? यांचीच ती, वळणावरून येताना वाजवतात. तुमची बोटं आणा इकडे, लवकर — हे ग्रीस लावून घ्या, असं, नखातसुद्धा. पाना हातात धरा. ब्रेक तुम्हीच आवळलात, कळलं? मला हे येतं, हे त्यांना कळायला नको, भाऊ. एवढं करा माझ्यासाठी. मी हात धुते.

आलात? हे भाऊ कधीचे थांबलेत, पुण्याचे. ब्रेक सैल होता, केला त्यांनीच. पाना मागितला, मी दिला फळीवरचा. मी? मी आत चहा टाकत होते. मला काय येतं त्यातलं.

जावा भाऊ तुम्ही. काळोख होईल.