‘शाना’ म्हणजे कसा?

माननीय अध्यक्ष उमाकांतभाऊ, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या मानसशास्त्रज्ञ गजाला मॅडम आणि समोर बसलेल्या माझ्या माणसांनो,

मॅडम, शाल झाली, नारळ झाला. आता थोडं कडू ऐकून घ्या.

सारंगखेड्याच्या यात्रेत माझा भाचा भाग्येश दुकानातला एक लगाम हातात घेऊन घोडे बघत उभा होता. एकतीस वर्षांचा बाप्या. कोणीतरी मागून त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्याने वळून हातातला लगाम त्या माणसाच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. मग काय, जमाव तुटून पडला! चाबूक, लाथा, काठ्या. बरगड्या मोडल्या, तोंडातून रक्त आलं, तरी हात थांबेनात. का? तर हा नजर देत नाही, म्हणजे चोर! याला मर्दानगी म्हणायचं?

घरी आणला, तर त्याचा थोरला भाऊ भूपेंद्र गरजला, “हाऊ येडा शे, बांधी ठेवा याले!” गोठ्यात साखळी लागली. मी भांडलो, तेव्हा म्हणाला, “डॉक्टरनी आजार दखाडा तर सोडसू.”

शाळेत असताना एका डॉक्टरांनी त्याला परत पाठवलं होतं. बोलतो, पास होतो, मग स्वमग्न कसा? हट्टी आहे! आता निकष बदललेत. बोलत्या, शिकलेल्या मोठ्या माणसालाही दार उघडलंय. पण खुणा लहानपणापासून होत्या, हे कोणीतरी सांगावं लागतं. आणि सांगणार कोण? आई!

मॅडमच्या दवाखान्यात नेला, तर बाहेरून आलेल्या नव्या डॉक्टरांनी विचारलं, “लहानपणी कसा होता?” माझी बहीण तुळशीबाई अभिमानाने म्हणाली, “भलता शाना व्हता!” डॉक्टरांनी लिहिलं, बालपण सामान्य. संपलं! मायेच्या एका शब्दाने लेक पुन्हा गोठ्यात!

तेव्हा शेजारच्या टेबलावरून गजाला मॅडम उठल्या. “शाना म्हंजे कसा व माय?”

“कोनाकडे दखे नही, पोऱ्यास्मा खेये नही. एकलाच चाक फिरावत बसे. कोनी हात लावा का भिंतले डोकं आपटे. पन तरास काहीच नही, बेटा!”

“डॉक्टर,” मॅडम म्हणाल्या, “इथे शाना म्हणजे आईला त्रास न देणारा. पुन्हा पहिल्यापासून विचारा. मी सांगते ती काय म्हणतेय.”

निदान झालं. त्याच संध्याकाळी बहिणीने कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे मागच्या बोथट बाजूने, साखळी ठेचली. कडी उडून भूपेंद्रच्या कपाळाला लागली, रक्त आलं. ती म्हणाली, “पुशी ले. आते तू शाना व्हय.”

अध्यक्षमहाराज, मॅडमच्या रिकाम्या होणाऱ्या खुर्चीवर आईची बोली कळणारा माणूस बसवा. नाहीतर निकष पुस्तकात बदलतील आणि साखळ्या गोठ्यात राहतील.

मॅडम, आमच्या घराकडून तुमचे आभार. आवाज चढला, कोणाला शब्द लागला असेल, तर पोटात घाला. यात्रेत चाबूक उगारणारा कोणी इथे बसला असेल, तर त्याची मात्र मी माफी मागत नाही.