काजलचं 'हाय'

अगं, हजेरीची ती गंमत तुला सांगितलीच नाही! माझा वर्ग निम्मा पनवेलला बाकांवर, निम्मा मोबाइलवर. मोबाइलवाल्यांत उरणच्या कोळीवाड्यातली काजल. आईबरोबर मासळीबाजारात बसून लेक्चर ऐकायची, कॅमेरा कायम बंद. पहिल्याच दिवशी तिचं नाव घेतलं, तर चॅटमध्ये उत्तर, 'हाय'.

मी म्हटलं, "हाय-हॅलो नंतर. आधी हजेरी दे."

पुन्हा 'हाय'.

मी वैतागले. "काजल, तू आहेस की नाहीस?"

तेव्हा कुठे माइक सुरू झाला. मागे बाजाराचा कलकलाट. "मॅडम, तेच तर लिवलंय! मी हाय!"

वर्ग खो खो हसला. मग बाकांवरची मुलंही 'प्रेझेंट' सोडून 'हाय' म्हणायला लागली. मला तर तिचं 'हाय' आल्याशिवाय शिकवायला सुरुवातच करवेना.

परीक्षेला ती कॉलेजात आली, पण माझी ड्यूटी नेमकी दुसऱ्या हॉलमध्ये. पास झाली, गेली. चेहरा बघायचा राहिलाच.

परवा नव्या बॅचच्या चॅटमध्ये 'हाय' दिसलं. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "काजल?"

तिकडून उत्तर आलं, "नो मॅडम, जस्ट हाय."